पहिल्या वर्षाचा खर्च कोण करणार ते आधी सांगा : जगभरातल्या मंत्र्यांना आणि कंपनीवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मंडळी म्हणजे वेगवेगळ्या देशांचे शिक्षणमंत्री, कामगारमंत्री, युनोच्या व्यासपीठावर तरुणांविषयी बोलणारे लोक आणि ज्यांच्या हातात प्रत्यक्ष नोकऱ्या आहेत ते कंपनीवाले. सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक जण ते शेजारच्या टेबलावर सरकवतो. शिक्षण खातं म्हणतं आम्ही पोरं शिकवून दिली, कामगार खातं म्हणतं पोरांकडे स्किलच नाही, कंपनी म्हणते आम्हाला आल्या दिवसापासून काम करणारा माणूस हवा, आणि परिषदवाले म्हणतात यावर पुढच्या वर्षी आणखी एक परिषद घेऊया.

मी पोरापोरींना कामाचं ट्रेनिंग देते, रोज त्यांच्यातच असते, त्यामुळे बोलणं जरा तिरकस वाटलं तर चालवून घ्या.

मला विचारायचंय ते एवढंच. शिक्षण संपलं आणि पोरगं खरोखर कामाचं झालं यांच्यामध्ये साधारण एक वर्ष जातं. कुठे सहा महिने, कुठे दोन वर्षं, काम काय आहे त्यावर आहे ते. या काळात तो चुका करणार, माल वाया घालवणार, सीनियरचं डोकं खाणार, आणि तरी त्याला रोज यायला-जायला, जेवायला, राहायला पैसे लागणारच. हे वर्ष कोणाच्या खिशातून जाणार? तुमच्या योजनांची पत्रकं मी बऱ्यापैकी वाचते, त्यात कोर्स असतो, पोर्टल असतं, लोगो असतो, उद्घाटन असतं, पण या प्रश्नाचं सरळ उत्तर क्वचितच सापडतं. आणि उत्तर नसलं की खर्च आपोआप पोरांच्या घरच्यांवर येतो. ज्या घराला झेपतं त्या घरातलं पोर बिनपगारी वर्ष काढून पुढे जातं, बाकीची हाताला लागेल ते काम धरतात आणि बहुतेकदा तिथेच राहतात. मग तुम्ही त्याला गुणवत्ता म्हणता.

आकडे तुमचेच घेऊ, म्हणजे वाद नको. २०१५ मध्ये सगळ्या देशांनी मिळून शाश्वत विकासाची उद्दिष्टं मान्य केली, त्यात ८.६ नंबरचं लक्ष्य असं होतं की जी तरुण मुलं ना नोकरीत, ना शिक्षणात, ना ट्रेनिंगमध्ये आहेत त्यांचं प्रमाण २०२० पर्यंत लक्षणीयरीत्या कमी करायचं. बाकीच्या बहुतेक लक्ष्यांना २०३० ची मुदत, याला २०२० ची, म्हणजे तुम्हालाही ते तातडीचं वाटलं होतं म्हणायचं. २०२० आलं आणि गेलं, त्या वर्षी कोरोना होता हे मान्य, पण २०२३ चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आकडा बघा, २०.४ टक्के. दर पाचातला एक. आणि त्या रिकाम्या बसलेल्यांमध्ये तीनातल्या दोन मुली.

त्याच रिपोर्टमध्ये एक खूश करणारी गोष्टही होती, की जगभरातली तरुणांची बेकारी १३ टक्क्यांवर म्हणजे पंधरा वर्षांतल्या नीचांकावर आलीय, साधारण साडेसहा कोटी तरुण. भाषणांमध्ये हाच आकडा जास्त ऐकू येतो, कारण सोपंय ना. पण बेकार कोणाला धरतात, तर जो काम शोधतोय त्याला. जो शोधून शोधून दमला आणि थांबला तो बेकारीच्या आकड्यातून गायब. जिच्या गळ्यात घरातलं लहान मूल आणि आजारी म्हातारं पडलंय आणि जी शोधायला बाहेरच पडू शकत नाही ती पण गायब. आणि गरीब देशांमध्ये तर बेकार राहणं हीच चैन आहे, तिथली पोरं दिवसाच्या मजुरीवर काहीतरी करतातच, ना कागद ना करार, आणि तुमच्या तक्त्यात ती रोजगारात दिसतात. कित्येक देशांमध्ये उलट शिकलेल्या पोरांची बेकारी न शिकलेल्यांपेक्षा जास्त दिसते, ती का, तर त्यांच्या घरच्यांनी त्यांना थोडे महिने थांबायला पैसे दिलेत म्हणून.

आता जरा जवळून दाखवते. नोकरीच्या पोर्टलवरचा ऑनलाइन फॉर्म तुमच्यापैकी कितीजणांनी गेल्या काही वर्षांत स्वतः भरलाय माहीत नाही. नाव, पत्ता, शिक्षण झालं की एक चौकोन येतो, एकूण अनुभव किती वर्षं, आणि त्याच्यापुढे लाल चांदणी. पोरगी तिथे शून्य टाकते. खाली लाल अक्षरात येतं की कृपया योग्य माहिती भरा. ती चौकोन रिकामा सोडते, फॉर्म पुढे जात नाही. मग ती १ टाकते, तर पुढच्या पानावर कंपनीचं नाव विचारतात. आणि ही जाहिरात कसली होती, तर फ्रेशरची! म्हणजे पोरीने पहिल्याच पायरीवर एकतर खोटं लिहायचं नाहीतर परत जायचं, आणि मग इंटरव्ह्यूमध्ये तुम्हीच तिला प्रामाणिकपणावर प्रश्न विचारणार.

दुसरं दृश्य ट्रेनिंग सेंटरमधलं. कुठलं ते सांगत नाही, अशी ढीगभर आहेत. एक मशीन, भोवती वीस-पंचवीस पोरं. सर मशीन चालवतात आणि पोरांना दिसते सरांची पाठ. पुढच्या तिघांना थोडं काही दिसतं, मागचे मोबाइलवर त्याच मशीनचा व्हिडिओ बघतात, जो खरं तर जास्त चांगला असतो. मटेरियल जपून वापरायचं असतं कारण ते कोर्सच्या खर्चात मोजून आलेलं असतं, त्यामुळे चूक करायला परवानगी नाही, आणि ज्याने कधी एक तुकडा वाया घालवला नाही तो ते काम शिकला असं मी तरी म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी मात्र सगळे हजर, सर्टिफिकेट हातात, फोटो, आणि सेंटरला पैसे मिळतात ते पोरांच्या डोक्यांवर आणि त्या फोटोवर. सहा महिन्यांनी त्यातलं कोण कुठे आहे हे विचारायला कोणी फोन करत नाही. केलाच तर प्लेसमेंटच्या रकान्यात भरायला करतात, आणि कामाला लागला का एवढंच विचारतात, टिकला का ते नाही.

पोरांना पैसे देऊन कोर्स निवडू दिला की सगळं सुधारेल असं कोणाला वाटत असेल तर सिंगापूरचं बघा. तिथे २०१५ मध्ये सुरू झालेली स्किल्सफ्यूचर योजना चांगल्या हेतूची होती, पंचवीस आणि त्यावरच्या वयाच्या नागरिकांना शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलरचं क्रेडिट. आणि २०१७ मध्ये उघडकीला आलं की एका टोळीने नावापुरत्या कंपन्या काढून खोट्या क्लेमवर ट्रेनिंगच्या अनुदानातले जवळपास ४ कोटी सिंगापूर डॉलर लाटले. सिंगापूरसारख्या काटेकोर ठिकाणी हे होतं तर बाकीच्यांचं काय ते तुम्हीच ठरवा.

मग उत्तर नाहीच का कुठे? आहे की. जर्मनीत आहे आणि ते काही गुपित नाही, १९६९ पासून त्याचा कायदा आहे. पोरगं शाळेतून निघतं आणि थेट कंपनीशी लेखी करार करतं, आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम आणि बाकीचे व्यवसाय शाळेत, दोन ते साडेतीन वर्षं. तीनशेहून जास्त व्यवसाय ठरवून दिलेत, बेकरीपासून मेकॅट्रॉनिक्सपर्यंत. पहिल्या दिवसापासून पगार, पूर्ण कामगाराएवढा नाही पण दर वर्षी वाढणारा. आणि परीक्षा घेणार कोण, तर कंपनीही नाही आणि शाळाही नाही, उद्योगांचे चेंबर, म्हणजे कंपन्यांची मिळून बनलेली संस्था. त्यामुळे एका कंपनीत शिकलेल्याला दुसरी कंपनी मानते. स्वित्झर्लंडमध्ये तर दोन तृतीयांशच्या आसपास मुलं याच वाटेने जातात आणि पुढे ज्याला उच्च शिक्षण घ्यायचंय त्याला दार बंद नसतं. ऑस्ट्रियात ज्याला कंपनीत जागाच मिळाली नाही त्याच्यासाठी सरकारी पैशावर चालणारी वर्कशॉप आहेत, तिथून तीच परीक्षा देता येते.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील आम्ही जर्मनीचा दौरा करून आलो, सामंजस्य करार पण झालाय. हो, झालाय. पण तुम्ही आणलात तो सिलॅबस. करार, पगार आणि बाहेरची परीक्षा, म्हणजे ज्या तीन गोष्टींमुळे ते चालतं, त्या तिथेच ठेवून आलात. सिलॅबसला पैसे लागत नाहीत ना. आणि त्यांचं सगळंच डोक्यावर घेऊ नका असं मी पण म्हणते, तिथल्या बहुतेक राज्यांत मुलं दहाएक वर्षांची असतानाच वेगवेगळ्या शाळांमध्ये विभागली जातात आणि दहा वर्षांच्या पोराचं भविष्य ठरवणं मला तरी पटत नाही, ते त्यांच्याकडच्या कित्येकांनाही पटत नाही. पण पहिल्या वर्षाचा खर्च कोण करणार याचं उत्तर मात्र त्यांनी कागदावर लिहून ठेवलंय, ते घ्या.

कंपन्या ऐकत नाहीत म्हणता? ब्राझीलने सरळ सक्ती केली. २००० च्या कायद्याप्रमाणे मध्यम आणि मोठ्या कंपन्यांना, ज्या कामांना ट्रेनिंग लागतं त्या कामांवरच्या माणसांच्या संख्येच्या किमान ५ आणि जास्तीत जास्त १५ टक्के अप्रेंटिस ठेवावेच लागतात, वय आता १४ ते २४. जास्तीत जास्तची पण मर्यादा आहे हे बघा बरं का, म्हणजे अप्रेंटिसच्या नावाखाली स्वस्तात सगळी फॅक्टरी चालवता येऊ नये. आणि तिथली सेनाई ही ट्रेनिंग संस्था १९४२ पासून उद्योगांच्याच पगारावरच्या वर्गणीतून चालते.

ब्रिटनने २०१७ मध्ये वर्गणी तर लावली, वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर पगार वाटणाऱ्यांकडून ०.५ टक्का, पण ते पैसे कोणाला शिकवायला वापरायचे याला नीट कुंपण घातलं नाही. झालं काय, नव्याने लागणाऱ्या अप्रेंटिसची संख्या वाढायची तर कमी झाली आणि कंपन्यांनी पैशाचा मोठा भाग आधीच नोकरीत असलेल्यांच्या, अगदी मॅनेजर लोकांच्या डिग्र्यांवर वळवला. कागदोपत्री साहेब पण अप्रेंटिस. त्यात फसवणूक अशी काहीच नव्हती हो, नियमात बसत होतं ते सगळं. म्हणून नियम लिहिताना कोणीतरी शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं पोर डोळ्यांसमोर ठेवा.

युरोपियन युनियनने २०१३ मध्ये युवा हमी आणली, शिक्षण संपल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांत चांगली ऑफर मिळणार, नोकरीची नाहीतर पुढच्या शिक्षणाची नाहीतर ट्रेनिंगची, आणि २०२० मध्ये ती तीस वर्षांपर्यंत वाढवली. चार महिने ही मुदत मला मनापासून आवडते, मुदत असली की निदान जाब विचारता येतो. आणि त्यांच्याच ऑडिट कोर्टाने २०१७ मध्ये तो विचारलाही, की आम्ही पाहिलेल्या देशांपैकी एकानेही अजून सगळ्यांपर्यंत चार महिन्यांत ऑफर पोचवलेली नाही. तुमच्यापैकी बाकीच्यांकडे तर मुदतच नाही, त्यामुळे नापास व्हायची सोयच नाही.

आता परिषदवाल्यांशी थोडं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात युनोचा एक तरुण इंटर्न तळ्याकाठी तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती, कारण इंटर्नशिप बिनपगारी आणि शहर जगातल्या महागड्या शहरांपैकी. त्यात लोकांचं लक्ष वेधायचा भाग होताच, पण बिनपगारी ही गोष्ट तर खरी होती ना? त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून स्टायपेंड सुरू केला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना तर आधीपासूनच देते, पण युनोच्या मुख्य सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारीच राहिली. म्हणजे तरुणांना सन्मानाचं काम मिळावं यावरच्या अहवालासाठी माहिती गोळा करायला जे पोर बसवलंय ते घरून पैसे मागवून जेवतंय. अशा ठिकाणी कोण पोचतं? ज्याच्या घरी पैसे आहेत ते. आणि पुढे तेच मोठं होऊन जगातल्या गरीब तरुणांसाठी धोरण लिहितं. मला सांगा, याच्यात त्या पोराचा काय दोष.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये दर्जेदार अप्रेंटिसशिपवर शिफारस क्रमांक २०८ मंजूर केली, त्यात लेखी करार, पुरेसा मोबदला, सुरक्षितता सगळं आहे. पण शिफारस म्हणजे शिफारस, बंधन कोणावर काही नाही. तुमच्याच प्रतिनिधींनी हात वर करून ती मंजूर केलीय, निदान तुमच्या स्वतःच्या सरकारी खात्यांमध्ये तरी ती लागू करा की. कायद्याची वाट कशाला बघायची?

मोठ्या कंपन्यांचं एवढं बोलले, पण जगातली बहुसंख्य पोरं मोठ्या कंपनीत शिकतच नाहीत. ती शिकतात गॅरेजमध्ये, शिवणकामाच्या दुकानात, सुताराकडे, वायरमनच्या मागे पिशवी धरून. पश्चिम आफ्रिकेत तर ट्रेनिंगचा सगळ्यात मोठा भाग असाच उस्तादाच्या हाताखाली चालतो आणि बऱ्याच ठिकाणी उलट पोराच्या घरचेच उस्तादाला शिकवण्याचे पैसे देतात. याला तुम्ही असंघटित क्षेत्र म्हणून बाजूला ठेवता. बेनिनसारख्या देशाने हेच शिक्षण मान्य करून त्यावर परीक्षा आणि सरकारी प्रमाणपत्र आणलं, म्हणजे कारागिराकडे शिकलेल्या पोराच्या हातात दुसरीकडे दाखवायला काहीतरी कागद आला. हे मला नवीन बिल्डिंग बांधण्यापेक्षा शंभर पटीने शहाणपणाचं वाटतं. त्या उस्तादाला थोडं मानधन द्या, हातमोजे-चष्मे द्या, आठवड्यातून एक दिवस पोराला हिशोब आणि कामाचा नकाशा वाचणं शिकायला सोडायला लावा. नवीन पोर्टल अजिबात नको.

मुलींचं. दर वेळी विचारता की मुली कोर्स मध्येच का सोडतात, आणि दर वेळी उत्तर म्हणून जनजागृती करता. जागृती त्यांच्यात भरपूर आहे. सेंटर लांब आहे, शेवटची गाडी क्लास सुटायच्या आधी जाते, टॉयलेटला कडी नाही, लहान मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे आणि बॅचची वेळ घरच्या कामाच्या ऐन वेळेत टाकलीय. एक वेळ बदलली आणि पाळणाघराची एक खोली उघडली तरी हजेरीत फरक पडतो, पण पाळणाघर हा स्किलचा खर्च धरत नाहीत, महिला खात्याकडे जा म्हणतात.

शाळेबद्दल मी मुद्दामच कमी बोलतेय, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. एवढंच, की जागतिक बँकेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या मुलांपैकी ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. तेच मूल अठराव्या वर्षी माझ्यासमोर येतं आणि मी त्याला तीन महिन्यांत मशीनचं मॅन्युअल वाचायला शिकवायचं असतं.

आणि आता एआय आलंय. कंपनीवाले खासगीत म्हणतात की पहिला मसुदा, साधा कोड, डेटा भरणं, नोट्स काढणं ही कामं आता मशीन करतं, मग ज्युनियर कशाला घ्यायचे. ठीक आहे, पण ही फालतू वाटणारी कामं करत करतच तुमचा आजचा सीनियर तयार झाला ना. तेच काम काढून घेतलं तर दहा वर्षांनी सीनियर कुठून आणणार, दुसऱ्या कंपनीतून पळवणार? तिनेही ज्युनियर घेतलेले नसतील. मंदीत कॉलेजातून बाहेर पडलेल्यांच्या पगारावर त्याचा परिणाम जवळपास दहा वर्षं राहतो असं अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासांत दिसलंय, म्हणजे एका बॅचचं दार चुकीच्या वेळी बंद झालं की ते लगेच भरून येत नाही. पोरांनी एआय शिकावं हे बरोबर, पण कामावर घेतल्याशिवाय ते नेमकं कशावर वापरायला शिकणार?

तर मला हवंय ते असं. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून लेखी करार आणि जगता येईल इतका पैसा, त्यातला किती सरकारचा आणि किती कंपनीचा हे तुम्ही आपसात भांडून ठरवा, पण घरच्यांचा शून्य. ट्रेनिंग सेंटरला शेवटचा हप्ता एक वर्षानंतर, पोर कामावर टिकलंय हे बघून, आणि जी पोरं शिकवायला अवघड आहेत त्यांच्यासाठी जास्त पैसे, नाहीतर आमच्यासारखे लोक हुशार पोरंच निवडून घेतील, ओळखते मी आम्हाला. फ्रेशरच्या जाहिरातीत अनुभव मागायला सरळ बंदी. आणि ज्या सरकारी कामांची कंत्राटं तुम्ही देता त्यात ठरावीक अप्रेंटिस असल्याशिवाय बिल पास करू नका, हे तर उद्या सकाळी एका परिपत्रकाने होऊ शकतं.

पैसे नाहीत हे कृपया सांगू नका. २०१५ च्या इंचॉन जाहीरनाम्यात तुम्ही स्वतः लिहिलंय की देशाच्या उत्पन्नाच्या ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के शिक्षणावर घालू. तुमचा देश कुठे आहे ते तुम्हाला माहितीये. आणि खर्च टाळला की तो कसा वसूल होतो तेही तुम्ही पाहिलंय, बांगलादेशात २०२४ चं आंदोलन सुरू झालं ते सरकारी नोकऱ्यांमधल्या कोट्यावरून, आणि काही आठवड्यांतच सरकार गेलं. ती पोरं नोकरीच मागत होती हो सुरुवातीला.

१५ जुलैला जागतिक युवा कौशल्य दिन असतो, तेव्हा पुन्हा भाषणं होतील. या वेळी स्टेजवर जाण्याआधी तुमच्या खात्यातल्या कोणालातरी एक काम सांगा, दोन वर्षांपूर्वी ज्यांना सर्टिफिकेट दिलं त्यांच्यातल्या कुठल्याही शंभर जणांना फोन करा आणि विचारा, काम आहे का, लेखी करार आहे का, शिकताना महिन्याचा खर्च कोणी केला. आलेली तिन्ही उत्तरं भाषणात वाचून दाखवा, टाळ्या मिळाल्या नाहीत तरी चालेल. नंबर तुमच्या पोर्टलवर आहेत, पोरांनी भरून दिलेत.

कळावे,
ट्रेनिंग देणारी एक बाई